वर्गणी मोबाइलवर आली, हिशेबाचे काय?

गणपतीचे पावती पुस्तक घेऊन उधना, लिंबायत, पांडेसरा भागात दारोदार फिरलेले आपले अनेक सभासद आहेत. अकरा रुपये दिले तरी पावती फाडली जायची आणि विसर्जनानंतर हिशेब फळ्यावर लागायचा. आता त्याच सभासदांच्या मोबाइलवर दर दोन दिवसांनी आवाहन येते. बाळाचा फोटो, आजाराचे नाव, खाली क्यूआर कोड. यालाच क्राउडफंडिंग म्हणतात.

कल्पना आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायचा असे ठरवले, टिळकांनी पाठबळ दिले आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. आपल्या गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून 1976 चा ‘मंथन’ चित्रपट झाला. त्याच्या पटकथेत आपल्या विजय तेंडुलकरांचा हात होता.

नवा आहे तो वेग. 2016 मध्ये यूपीआय आले आणि शंभर रुपये पाठवणे मिनिटाचे काम झाले. 2021 मध्ये महिसागर जिल्ह्यातील एका बाळाला एसएमए या स्नायूंच्या आजारासाठी सुमारे 16 कोटींचे इंजेक्शन हवे होते. दीडेक महिन्यात रक्कम जमली. त्याच वर्षी मुंबईतील एका चिमुरडीसाठीही लोकांनी असाच निधी उभा केला आणि केंद्र सरकारने औषधावरचा सुमारे 6 कोटींचा कर माफ केला. पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीला मात्र जूनमध्ये इंजेक्शन मिळूनही ती ऑगस्टमध्ये गेली. देणाऱ्यांचे पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

आमची अस्वस्थता वेगळी आहे. दुर्मिळ आजारांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय धोरण आले, सरकारने स्वतःच देणग्यांचे पोर्टल काढले आणि 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख केली. औषध 16 कोटींचे! मधली रक्कम लोकांनी भरायची, म्हणजे ज्याचा फोटो जास्त फिरला त्याचे बाळ वाचण्याची शक्यता जास्त. लूम कामगाराच्या घरात इंग्रजीत आवाहन लिहून व्हिडिओ बनवणारे कोण असते?

दुसरी गोष्ट हिशेबाची. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आमची नजर आधी खातेदाराच्या नावावर जाते. गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर एकच आवाहन तीनदा फिरले. फोटो तोच, रक्कम तीच. तिसऱ्या वेळी यूपीआयचा पत्ता बदललेला. पैसे भरताना दिसणारे नाव त्या कुटुंबातले नव्हते. तोपर्यंत आपल्यातल्या काहींनी पैसे पाठवलेही होते, आणि विचारायचे कोणाला हेच कळेना. पैसा फंडाला निदान संस्था होती, पदाधिकारी होते.

करसवलतीबद्दलही गैरसमज आहे. कुटुंबाच्या खात्यात थेट पैसे दिले तर 80जी लागू होत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिले तरच, तेही जुन्या करपद्धतीत, आणि रोखीने दोन हजारांपर्यंतच. आणि कोणी ‘लोकांकडून भांडवल’ म्हणून कंपनीचे शेअर ऑनलाइन विकत असेल तर ती देणगी नव्हे, गुंतवणूक आहे. अशा परवानगी नसलेल्या मंचांबाबत सेबीने 2016 मध्येच सावध केले होते.

म्हणून मंडळाच्या पुढच्या सभेत आम्ही एक सूचना मांडणार आहोत, कारकुनी वाटली तरी चालेल. ग्रुपवर आवाहन टाकण्याआधी दोन सभासदांनी रुग्णालयात फोन करून रुग्ण दाखल आहे का, खर्चाचा अंदाज किती, हे विचारावे. शक्यतो पैसे रुग्णालयाच्याच खात्यात जावेत. उरलेली रक्कम कोणाकडे जाईल ते आधीच लिहून घ्यावे. आणि ज्या घराला आवाहन लिहिता येत नाही, त्यांचे आपल्यापैकी कोणीतरी लिहून द्यावे. निवृत्त मंडळींकडे वेळ आहे.