गाळलेला शेवट

फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) ही कादंबरी आम्हांला प्रिय आहे. म्हणूनच तिच्यावर आधारलेल्या ‘द गोल्डन कंपास’ (२००७) या चित्रपटाने आमची घोर निराशा केली. चिलखती अस्वले, माणसांचे प्राणीरूपी आत्मे हे सारे पडद्यावर देखणे उतरले आहे. दृश्य-परिणामांचे ऑस्करही त्याला मिळाले. परंतु कादंबरीचा गाभा तिच्या शेवटात आहे. वडिलांना सत्यदर्शक यंत्र नेऊन द्यायचे, या समजुतीने लायरा मित्र रॉजरसह त्यांच्याकडे पोहोचते. त्यांना मात्र हवे असते एक मूल. दुसऱ्या जगाची वाट उघडण्यासाठी ते रॉजरचा बळी देतात. आपणच मित्राला मृत्यूच्या दारी आणले, या जाणिवेपाशी लायराचे बाल्य संपते.

हा भाग चित्रित होऊनही वगळला गेला आणि चित्रपट आशादायी प्रवासावरच थांबला. किशोरवयीन वाचकाला हे दुःख पेलेल, असा विश्वास लेखकाने दाखवला होता. निर्मात्यांना तो दाखवता आला नाही. पुढे २०१९च्या दूरदर्शन-मालिकेने हाच शेवट दाखवला. तेव्हा माध्यमाच्या मर्यादेची सबब आम्हांला मान्य नाही.