उन्हात गेलोच नव्हतो, तरी उष्माघात?

शिरूर-दौंडकडे मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. गेला नव्हतात, पण दुपारभर पत्र्याखाली होतात ना! माळवद पाडून पत्रा टाकला, त्याची ही किंमत.

आता त्याखाली थर्माकोलचं सिलिंग ठोकू नका. वायरची एक ठिणगी पडली की घरभर विषारी धूर. सिमेंटचा जुना पत्रा कापू नका, घासू नका. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. स्लॅबला चुना, लोखंडी पत्र्याला पांढरा रंग मारा, नाहीतर शेतातली शेडनेट फूटभर वर ताणा. खिडक्या मात्र बुजवू नका.

सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पत्र्याखाली झोपणाऱ्या आजीच्या छताच्या रंगाला त्यातला एक रुपया नाही. ग्रामसभेत विचारा, का नाही?