झोपेच्या गोळीआधी बाल्कनीचा कठडा बघा

"सवय झाली हो डॉक्टर, आता गाड्यांचा आवाज ऐकूच येत नाही," असं रस्त्यालगत राहणारे रुग्ण नेहमी सांगतात. मनाला सवय होते हे खरं, हृदयाला मात्र पूर्णपणे होत नाही. रात्री खालून ट्रक गेला की तुम्हाला जाग आली नाही तरी नाडी वाढते, रक्तदाब थोडा चढतो, झोप उथळ होते. वर्षानुवर्षं हे चाललं की हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. हमरस्त्यावर ती किती पाळली जाते, ते रात्री अकराला बाल्कनीत उभं राहून तुम्हीच ठरवा.

हॉर्न वाजवणाऱ्यांना दोष द्यायलाच हवा. पण आज माझं भांडण बिल्डर आणि आर्किटेक्टशी आहे. रस्त्याकडे तोंड केलेल्या बेडरूमला उभ्या गजांचं रेलिंग लावायचं आणि माहितीपत्रकात 'मोकळा व्ह्यू' म्हणून विकायचं! गजांच्या फटींतून आवाज सरळ आत येतो. शिवाय वरच्या मजल्याच्या स्लॅबचा खालचा गुळगुळीत भाग तोच आवाज आरशासारखा परतवून खिडकीत टाकतो.

उपाय जगात माहीत आहे. हाँगकाँगच्या सरकारी गृहबांधणीत आवाज अडवणाऱ्या बाल्कन्या वापरल्या आहेत. कठडा भरीव, खाली-बाजूला फट नाही, आणि बाल्कनीच्या छताला आवाज शोषणारं अस्तर. उंची आणि रस्त्याचं अंतर अनुकूल असेल तर एवढ्याने 5 ते 7 डेसिबल कमी होऊ शकतात. आकडा छोटा वाटेल, पण 3 डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर फायदा कमी, वर जास्त. डीजेच्या ठोक्यांवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही, ते कठड्याला वळसा घालून येतात.

तुमच्या घरी एक तपासणी करा. बेडरूममध्ये पलंगावर बसा. उघड्या दारातून रस्त्यावरच्या गाड्या दिसतात? मग आवाजही सरळ तुमच्यापर्यंत येतोय.

"खिडक्या बंद करा, एसी लावा" हा सल्ला मला मान्य नाही. क्षयरोगाच्या रुग्णाच्या घरच्यांना आम्हीच सांगतो, हवा खेळती ठेवा. एसीचं बिल सगळ्यांना परवडत नाही. खिडकी उघडी ठेवूनही झोपता यावं, यासाठीच तर बाल्कनी नीट बांधायची.

आणि आपणही कमी नाही. ताबा मिळाला की मधली भिंत पाडून बाल्कनी खोलीत घ्यायची, बाहेर पातळ काचेची स्लायडिंग खिडकी लावायची. दोन अडथळ्यांचा एकच उरतो, तोही फटींचा. बाल्कनी बंद केलीच असेल तर आतलं दार तरी काढू नका.

कुंड्यांची रांग आवाज जवळजवळ अडवत नाही. झाडं लावा, पण शोभेसाठी. अंड्याच्या ट्रेसारखा स्वस्त फोम छताला चिकटवू नका, तो पेट घेतो. छिद्रांच्या पत्र्यामागे रॉकवूल हा बरा पर्याय. गजांच्या जागी विटांचा कठडा बांधायचा मोह होईल. बाहेर काढलेल्या स्लॅबवर तेवढं वजन चालेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. सिमेंट शीट किंवा फट न ठेवता बसवलेली जाड लॅमिनेटेड काच हलकी पडते. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. नवीन फ्लॅट बुक करत असाल तर कठडा भरीव आहे की गजांचा, हे बिल्डरला टोकन देण्याआधीच विचारा. झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नका. डॉक्टरांना तुमची बेडरूम कुठल्या बाजूला आहे तेही सांगा.