धोंडू कुणाला हसण्यासाठी ठेवला नव्हता

या सदराला येणाऱ्या पत्रांत ‘रेयांश’चा अर्थ विचारलेला असतो, ‘विहान’चा विचारलेला असतो. ‘धोंडू’चा अर्थ कुणी विचारत नाही. धोंडा म्हणजे दगड, अडाणी माणसांनी सुचेल ते ठेवलेलं नाव, इतक्यावर विषय संपतो. नाटक-सिनेमांनी हे नाव गड्याला आणि वेंधळ्याला देऊन टाकलं, शाळेच्या हजेरीत त्यावर हशा पिकू लागला. मला तो हशा सोसवत नाही. मुलग्यांच्या मराठी नावांत इतक्या काळजीनं ठेवलेलं नाव क्वचितच सापडेल.

शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी २०० च्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत. नाळ घरातल्याच विळ्यानं कापलेली असायची. धनुर्वातानं बाळ आठवड्याभरात आखडायचं. त्यातून वाचलं तर पुढे देवी, गोवर, हगवण होतेच. पाठोपाठ दोन-तीन मुलं गेलेल्या बाईला नव्या बाळाचं बारसं करायचीच धास्ती वाटे. देखणं नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, काळाचं लक्ष जाईल. म्हणून मग धोंडू, दगडू, कचरू, केरबा. वऱ्हाडात उकिरड्यावरून उकंडा. कुठे बाळाला खरोखरच क्षणभर उकिरड्यावर ठेवत आणि दुसरीच्या हातानं उचलून घेत, कुठे पसाभर धान्य घेऊन शेजारणीला ‘विकत’ आणि मग सांभाळत. पदर पसरून मागून घेतलेला तो भिकू, भिकाजी. नाक टोचून मुलगी म्हणून वाढवलेला तो नथू. हे मूल आमचं नाही, कुणाच्या कामाचं नाही, तू पुढे जा, असं मरणाला सांगण्यासाठी आईबापांनी काय काय केलं!

त्यातही धोंडू मला सगळ्यांत खोल वाटतो. कचऱ्याला किंमत नसते, धोंड्यालाही नसते. पण धोंडा टिकतो. उन्हापावसात पडून राहतो, झिजत नाही, आणि शेंदूर लावला की त्याचाच देव होतो. लपवणं आणि आयुष्य मागणं, दोन्ही एका नावात. शिवाय अधिक मासात जन्मला तरी धोंडू, कारण तो धोंड्याचा महिना, जावयाला अनारसे आणि पुरणाचे धोंडे वाढण्याचा. कोकणात त्याचा धोंडो झाला, देशावर धोंडिबा आणि धोंडीराम. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत होतं, तेव्हा हे गरिबाघरचंच नाव असंही कुणी समजू नये. मृत्यूला वाडा आणि झोपडी सारखीच होती.

धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, १९५८ साली भारतरत्न झाले आणि १९६२ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी गेले. पुण्याचे दगडूशेठ हलवाई मात्र स्वतः जगले आणि त्यांचा मुलगा प्लेगनं नेला, असं सांगतात. ज्या गणपतीपुढे आज लाखो माणसं रांगा लावतात, त्याच्यामागे ते पुत्रदुःख आहे.

याच समाजानं मुलींना ‘नकुसा’ असंही म्हटलं, हे इथे टाळून पुढे जाता येत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. धोंडू आणि नकुसा वरवर पाहिलं तर एकाच जातीची नावं. दोन्हींत लेकराला कमी लेखलेलं. पण धोंडू म्हटलं ते तो राहावा म्हणून. नकुसा म्हटलं ते आणखी मुलगी होऊ नये म्हणून. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात नकार आहे. ‘नकुसा’ पुसलं गेलं ते योग्यच झालं, ते फार आधी पुसायला हवं होतं. घराला नकोशा झालेल्या विधवांसाठी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढणारा माणूस मात्र एक धोंडो होता, हेही लक्षात ठेवावं.

महाराष्ट्रात अर्भकमृत्यूचं प्रमाण आता हजारी २० च्याही खाली आहे. हे लसींनी केलं, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी केलं, आशाताईंच्या पायपिटीनं केलं. आज कुणाला मरणाला चकवण्यासाठी नाव ठेवावं लागत नाही, याहून चांगली बातमी नाही, आणि पोराचं नाव धोंडू ठेवा असा माझा आग्रहही नाही. मला खटकतं ते वेगळंच. वडिलांचं नाव धोंडिबा म्हणून लग्नपत्रिकेत नुसतं ‘डी.’ छापणारी मुलं मी पाहतो. आजोबांचा दगडू कागदोपत्री ‘दिगंबर’ करून घेणारेही पाहतो.

तसं करू नका. नाव पूर्ण लिहा. आणि घरात कुणी म्हातारी आजी, आत्या असेल तर आत्ताच विचारून घ्या, आपल्या धोंडूच्या आधी किती भावंडं गेली होती, कशानं गेली, कुणी त्याला उकिरड्यावरून उचललं. जी ऐंशी-नव्वदीतली माणसं हे सांगू शकतात, ती फार दिवस सोबत नाहीत. वंशावळीत त्या गेलेल्या मुलांनाही एक ओळ द्या.