मातृभाषा वडिलांचीही





मुलाचे पूर्ण नाव लिहिण्याची रीत मराठी आणि गुजराती या दोन्ही समाजांत एकच आहे. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचेही नाव घालायचे ठरवले, ते योग्यच झाले. वडिलांचे नाव मात्र कोणी काढलेले नाही. ते होते तिथेच आहे. प्रश्न असा, की मुलाच्या नावात असलेले हे वडील मुलाच्या दिवसात कुठे असतात?

शाळेत बसून आम्हांला दिसते ते असे. सकाळी फाटकाशी स्कूटरवरून मुलाला सोडायला वडील येतात. फी भरायला, दाखल्यासाठी सही करायला वडील येतात. पण पालक-सभेच्या दिवशी बहुतेक खुर्च्यांवर आया असतात, काही खुर्च्यांवर आज्या. मुलांकडून निबंध लिहून घेणे, भाषण पाठ करून घेणे, गणेशोत्सवात म्हणायची स्तोत्रे घोकून घेणे, हे सारे आई करते. मुलाचे मराठी कच्चे आहे असे एखाद्या वडिलांना सांगितले, तर ते हसून म्हणतात, "ते खातं हिच्याकडे!"

या वेळी आम्हांला या खात्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

मातृभाषा हा शब्द फार गोड आहे, पण त्याने आपला एक गैरसमज करून दिला आहे. भाषा म्हणजे आईची जबाबदारी, असे आपण मनोमन धरून चाललो. भाषेपाठोपाठ कुळाचार, सणवार, नातेवाइकांची विचारपूस हेही तिच्याच पदरात टाकले. आता आपल्या वडोदऱ्यातील घरे पाहा. अनेक घरांत आई गुजराती आणि वडील मराठी आहेत. अशी लग्ने पूर्वीही होत, आता अधिक होतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण त्या घरात मराठी कोणाची भाषा? ती वडिलांची. आई आपली गुजराती मुलाला देते, तो तिचा हक्क आहे आणि मुलाचा लाभ आहे. वडील मात्र मराठीच्या बाबतीत गप्प बसले, तर ती त्या घरात कोण बोलणार? शंभर-दीडशे वर्षे या शहरात टिकलेली एखाद्या घराण्याची भाषा अशा एका गप्प माणसापाशी येऊन थांबते. भांडण होत नाही, कोणी बंदी घालत नाही. जेवताना कोणी मराठीत काही विचारत नाही, एवढेच.

जिथे आई-वडील दोघेही मराठी आहेत, तिथेही परिस्थिती फार निराळी नाही. वडील दिवसभर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, रिफायनरीत किंवा हालोलच्या कारखान्यात गुजराती-हिंदीत बोलतात, आणि घरी आल्यावर तीच भाषा पुढे चालू राहते. मूल आईशी मराठीत आणि वडिलांशी हिंदीत बोलते. मूल चाणाक्ष असते. ते यातून शिकते, की मराठी ही स्वयंपाकघराची भाषा असून बाहेरच्या, पैशाच्या, मोठ्या माणसांच्या गोष्टी दुसऱ्या भाषेत बोलायच्या असतात. मराठीविषयी हा समज शाळेच्या कोणत्याही तासाला पुसता येत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमचे शिक्षण मध्य प्रदेशात, सागर शहरी, पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठीचा एक तासही आम्हांला शाळेत मिळाला नाही. जी काही मराठी आज या पानावर उतरते, ती वडिलांनी घरात शिकवलेली. त्यांनी काही वर्ग भरवला नव्हता. हिंदीत 'ळ' नाही, त्यामुळे आम्ही भावंडे शाळेतून येताना 'ळ' बाहेरच ठेवून येत असू. 'कमल', 'फल', 'काला' असे बोलू लागलो, की वडील हातातले काम न थांबवता एवढेच म्हणत, "कमळ. फळ. काळा." ते रागावत नसत आणि सोडूनही देत नसत. ताटावर बसल्यावर डाळ मागायची असेल, तर 'ळ' नीट उच्चारल्याशिवाय ती वाढली जात नसे.

दुसरी गोष्ट पोस्टकार्डाची. त्या काळी ते १५ पैशांना मिळे. दर महिन्याला वडील आजोबांना पत्र लिहीत. वर "ती. अण्णांस सा. न. वि. वि." असा मायना, मग घरची खुशाली, पगार, पाऊस. खाली दोन ओळींची जागा ते मुद्दाम कोरी ठेवत. ती आम्हां मुलांची. त्या दोन ओळींत काय लिहायचे ते आमचे आम्ही ठरवायचे, अट एवढीच की मराठीत लिहायचे. आजोबांचे उत्तर आले, की आमच्या चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घांची यादी त्यात असे, आणि तिच्याखाली "चि. मुलांस अनेक आशीर्वाद". आमची मराठी शाळा ती एवढीच. महिन्याला दोन ओळी.

वडोदऱ्याच्या मुलाचे भाग्य त्या मानाने केवढे मोठे! गुजरातीमुळे त्याच्या जिभेवर 'ळ' आधीच बसलेला आहे. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी अक्षरे त्याला येतात. म्हणजे उच्चार एका भाषेने दिला आणि लिपी दुसरीने. मराठी वाचायला त्याला नवे असे फारच थोडे शिकावे लागते. तरीही आमची पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि मराठी पुस्तक हाती दिले की अडखळतात. त्यांच्यात काही कमी नाही. संध्याकाळी त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही.

काही पालक म्हणतील, मराठीने काय मिळणार? गुजराती रोजच्या व्यवहाराची, इंग्रजी नोकरीची, हिंदी देशाची. मुलाच्या डोक्यावर चौथे ओझे कशाला? याचे उत्तर याच शहरात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून येथे आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. येथे त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या गेल्या. पुढे हाच मुलगा महाराजा सयाजीराव म्हणून जगभर हिंडला. चार भाषांनी त्याचे डोके फुटले नाही, आणि इंग्रजी आली म्हणून मराठीही गेली नाही.

सयाजीरावांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात नेले, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. पण त्यातील एक कलम फारसे सांगितले जात नाही. मूल शाळेत आले नाही, तर दंड पालकाला होत असे. शाळा काढणे, शिक्षक नेमणे ही सरकारची जबाबदारी आणि मुलाला तिथवर आणणे ही पालकाची, अशी ती सरळ वाटणी होती. आज दंड नाही. पण ही वाटणी संपली, असे आम्हांला वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण शाळेत पेढे वाटले. त्याआधी २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या वडोदऱ्यात भरले, तेव्हा मांडव पाहून ऊर भरून आला. हे सारे आनंदाचेच आहे. पण दिल्लीहून दर्जा येतो, मंडपात टाळ्या मिळतात, आणि रोजचे बोलणे मात्र घरातच व्हावे लागते.

परंपरा म्हटले की आपल्याला गणपतीची मिरवणूक, पाडव्याची गुढी, नऊवारी आणि फेटा आठवतो. हे वर्षातून एकदा येणारे दिवस झाले. परंपरा खरी चालते ती मधल्या साध्या दिवसांत. जुन्या मराठी घरांत दिवेलागणीला शुभंकरोति आणि परवचा होई. पाढे, पावकी-निमकी म्हणून घेणारे बहुधा आजोबा किंवा वडीलच असत. वडिलांना हाक मारण्याची पद्धतही पाहा. कोणाच्या घरी ते अण्णा, कोणाच्या घरी भाऊ, दादा, नाना, तात्या, अगदी काकासुद्धा! एकत्र कुटुंबात चुलत भावंडे ज्या नावाने हाक मारत, तीच हाक सख्खी मुलेही मारत. त्या एका हाकेत घरात किती माणसे होती, कोण थोरला, कोण धाकटा, हे सगळे साठवलेले असे. आता बहुतेक घरी पप्पा आहेत. त्याला आमची हरकत नाही. पण आजोबांना घरात 'भाऊ' का म्हणत, हे एकदा मुलाला सांगा. कुटुंबाचा इतिहास त्याला त्यातून कळेल.

वडोदऱ्याने वडील-मुलाची एक जोडी साऱ्या देशाला दिली. दत्ताजीराव गायकवाड १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार होते. त्यांचे चिरंजीव अंशुमान ४० कसोटी सामने खेळले, आणि १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध अकरा तासांहून अधिक खेळपट्टीवर उभे राहून त्यांनी २०१ धावा काढल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत दत्ताजीराव ९५ व्या वर्षी गेले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला अंशुमानही गेले. कसोटीचा खेळ काय किंवा भाषा काय, दोन्ही एका दिवसात येत नाहीत. रोज थोडा वेळ उभे राहावे लागते.

वडील दमून येतात, हे आम्ही जाणतो. पाळीची नोकरी, रस्त्यावरची गर्दी, घराचे हप्ते, सारे खरे आहे. पण आईही दमते, आणि तरी ती वही उघडून बसते. म्हणून वडिलांकडून आम्ही फार मागत नाही. जेवणाच्या वेळी अर्धा तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवावा आणि दिवसभरात काय झाले ते मुलाशी मराठीत बोलावे. कारखान्यातले यंत्र का बंद पडले, साहेब काय म्हणाले, भाजी महाग का झाली, हे सारे मराठीत सांगावे. त्याने मराठी स्वयंपाकघरातून बाहेर येईल. महिन्यातून एका रविवारी मुलाला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यावे. सयाजीरावांनी १९१० च्या सुमारास उभारलेल्या या ग्रंथालयात मराठी पुस्तकेही आहेत. पुस्तक मुलाने निवडावे, वडिलांनी शेजारी बसावे.

ज्या विद्यार्थ्यांचे वडील हयात नाहीत किंवा दूरगावी नोकरीला आहेत, त्यांनी हे वाचून मन खट्टू करू नये. आजोबा, काका, मामा, थोरला भाऊ, शेजारचे वृद्ध गृहस्थ यांपैकी कोणीही ही जागा घेऊ शकते. आणि शाळेत आम्ही आहोतच.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीचे एक काम. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाच प्रश्न विचारा. आपले मूळ गाव कोणते? वडोदऱ्यात आपल्यापैकी पहिले कोण आले? ते कशासाठी आले, संस्थानच्या नोकरीत, फौजेत, रेल्वेत की कारखान्यात? ते कोणत्या मोहल्ल्यात राहिले? त्यांना घरात काय हाक मारत? उत्तरे मराठीत, स्वतःच्या अक्षरात, एका पानावर लिहून आणा. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. पानाच्या खाली दोन ओळी कोऱ्या ठेवा. त्या तुमच्या वडिलांनी लिहायच्या आहेत, तेही मराठीत.

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती दोन गोष्टींची आहे. पालक-सभा शनिवारी दुपारऐवजी रविवारी सकाळी घ्यावी, म्हणजे नोकरीची सबब उरणार नाही. आणि ही सगळी पाने बांधून शाळेच्या ग्रंथालयात कायमची ठेवण्यासाठी एक कपाट द्यावे. खर्च फारसा नाही. दहा वर्षांनी या गावच्या मराठी घरांचा इतिहास कोणी विचारला, तर तो मुलांच्या अक्षरात आपल्यापाशी असेल.

पालक बंधूंनो, रविवारी आपली वाट पाहतो. खुर्च्या जास्त मांडून ठेवू.

आपले नम्र,
मुख्याध्यापक