चाल कोणाची?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलुखात आज या गावी मंडई, उद्या त्या गावी पट; घरोघर सोयरे उतरतात, बांधीत तणस अंथरले जाते, आणि रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा कोंबडा आरवेपर्यंत काही खाली येत नाही. वडशाला कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांच्या फलकांनी रस्ते रंगून गेलेले असतात. या साऱ्या उद्योगाला अलीकडे वर्तमानपत्रांनी ‘झाडीवुड’ असे नाव ठेवले आहे. आमच्या कंपनीवाल्यांना ते फार गोड लागते. मला मात्र हसू येते. इंग्रजीत ‘वुड’ म्हणजे रानच. तेव्हा झाडीवुड म्हणजे झाडीझाडी! पण असो. नाव उसने घेतले तर घ्या बापडे; मात्र ज्यांचे घेतले त्यांची एक चांगली रीतही घ्या, एवढेच माझे भांडण आहे.

ती रीत अशी. हॉलिवुडची जी जुनी संगीतप्रधान चित्रे आपण नावाजतो, त्यांतील कित्येक मूळची न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची नाटके होत. १९४३ साली तेथे ‘ओक्लाहोमा!’ हे नाटक आले. पडदा उघडतो तो काय दिसते? एक बाई अंगणात लोणी काढते आहे आणि पडद्याआडून एका गुराख्याचे गाणे ऐकू येते. शेतकरी आणि गुराखी यांच्या तंट्याचे ते नाटक; आमच्या सिंदेवाहीत किंवा आरमोरीत सहज शोभले असते! त्याचे २२१२ प्रयोग झाले. आणि आज ऐंशी वर्षांनंतरही लोक त्याला नटाच्या नावाने ओळखत नाहीत. चाली बांधणारे रिचर्ड रॉजर्स आणि शब्द लिहिणारे ऑस्कर हॅमरस्टीन या जोडीचे नाटक म्हणूनच ओळखतात.

याच जोडीचे ‘साउंड ऑफ म्युझिक’ १९५९ साली रंगभूमीवर आले आणि १९६५ साली पडद्यावर. त्यात एडलवाईस नावाच्या डोंगरी फुलावर एक लहानसे गाणे आहे. ते ऐकून पुष्कळांना वाटते की हे ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत असावे. तसे ते मुळीच नाही. नाटकासाठी मुद्दाम रचलेले आहे. परंतु कर्त्यांची नावे छापलेली आहेत, म्हणून हा गैरसमज खोडून काढता येतो. नावे छापलेली नसती तर? तर ते फूल ‘पारंपरिक’ या गवतात कायमचे हरवले असते.

आमच्याकडे नेमके हेच घडते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या गावी एक पेटीमास्तर होते. दिवसा शेत, रात्री पेटी. त्यांना स्वरलिपी येत नव्हती. बारा वर्षांपूर्वी मी गावच्या मंडळासाठी एक नाटक लिहिले. त्यात सासरी निघालेल्या मुलीचे एक पद होते. अश्विनातल्या दोन रात्री मास्तर आमच्या पडवीत बसले आणि त्यांनी त्या पदाला चाल दिली. पहिली त्यांनी स्वतःच मोडली. “गुर्जी, पोरगी रडते, पण बापाला दिसू देत नाही. चाल बी तशीच पायजे,” असे म्हणून त्यांनी दुसरी बांधली. प्रयोगाच्या रात्री त्या पदाला बायामाणसांनी पदर डोळ्यांना लावले.

पत्रकावर माझे नाव ठळक होते. निर्मात्याचे होते, नटनट्यांचे होते, मंडप घालणाऱ्याचेही होते. पेटीमास्तरांचे नव्हते. ते पत्रक छापण्यापूर्वी माझ्या हातून गेले होते! म्हणजे या पापात पहिला वाटा माझा आहे, आणि तो कबूल केल्यावाचून इतरांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तर वारले. गेल्या मंडईत शेजारच्या गावी एका कंपनीचे नाटक होते. तीच चाल, शब्द दुसरे. ध्वनिक्षेपकावर निवेदक म्हणाला की आता ऐकू या झाडीपट्टीची पारंपरिक चाल. माझ्यापासून दोन हातांवर मास्तरांचा मुलगा तणसावर बसला होता. तो काही बोलला नाही. खाली पाहून तणसाची काडी मोडीत राहिला.

मी त्या कंपनीच्या व्यवस्थापकाला गाठले. तो हसून म्हणाला, “गुर्जी, पेटीवाल्याच्या नावानं का तिकीट खपते?” त्याचे म्हणणे थोडक्यात तीन प्रकारचे होते, आणि तसे म्हणणारे ते एकटेच नाहीत, म्हणून येथे उत्तर देतो.

पहिले म्हणणे, नावाने तिकीट खपत नाही. कबूल. पण मंडपवाल्याच्या नावाने तरी कोठे खपते? आणि सकाळी सोयरे घरोघरी परततात ते ओठांवर काय घेऊन जातात? नटाचे भाषण, की पदाची चाल?

दुसरे म्हणणे, आमच्या निम्म्या चाली सिनेमातून उचललेल्या. नाव कोणाचे घालणार? यात लाजण्यासारखे काही नाही. उसनवारी मराठी संगीत नाटकाला जन्मापासून ठाऊक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आले, देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली. त्या काळची नाटकाची छापील पुस्तके उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात लिहिलेले असते, ‘चाल’, आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे नाव. उसने घेतले, पण खतावणीत मांडून घेतले! पुढे १९११ साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, १९१६ साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी. त्यांनीही जुन्या चिजांचा आधार घेतला. तरी शंभर वर्षांनंतर आपण त्यांची नावे घेतो. आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले, तर जितेंद्र अभिषेकी हे नाव त्याला जन्माचे चिकटले. उसनी चाल उसनी म्हणून छापा, म्हणजे घरची चाल आपोआप घरची म्हणून उठून दिसेल.

तिसरे म्हणणे सर्वांत वाईट. रात्रीचे पैसे दिले, हिशेब संपला! हिशेब संपत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी रचले’ असे म्हणण्याचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. आणि चाल कागदावर लिहिलेली असावी ही जी जुनी अट होती, तीही १९९४ च्या दुरुस्तीने गेली. स्वरलिपी न येणारा पेटीमास्तरही कायद्याच्या दृष्टीने रचनाकारच आहे. अमेरिकेच्या आयर्विंग बर्लिनलाही स्वरलिपी वाचता येत नसे. तो चाल वाजवी आणि दुसरा कोणी लिहून घेई. परंतु गाणे बर्लिनचेच राहिले, लिहून घेणाऱ्याचे झाले नाही. १९१४ साली आपल्या हक्कांसाठी तिकडच्या रचनाकारांनी संघ काढला, त्यात तोही होता.

शहरातले काही विद्वान आमच्या नाटकांना नाके मुरडतात. म्हणतात, नुसती गाणी आणि नाच. त्यांना ‘ओक्लाहोमा!’तले गाणे कला वाटते आणि आमचे गाणे धांगडधिंगा! त्यांच्याशी मी पुन्हा कधी भांडेन. परंतु ज्या गाण्याला आपणच धनी नाही म्हणून सांगतो, त्याची किंमत दुसऱ्याने का करावी? परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सारी झाडीपट्टी आनंदली, आणि ते योग्यच झाले. नटाचे नाव आपण राखू शकतो. मग पेटीवर बसलेल्याचे का नाही?

यंदा आमच्या मंडळाच्या पत्रकावर मी एक ओळ घालून घेतली आहे. पेटीमास्तरांचे नाव, आणि पुढे ‘यांची चाल’. मुलाला पहिले पत्रक नेऊन दिले. त्याने ते घडी न घालता देव्हाऱ्याजवळ ठेवले. एक ओळ छापायला मुद्रकाने जास्त पैसेही घेतले नाहीत.

वाचकहो, या दिवसांत नाटकाची वर्गणी मागायला मुले तुमच्याही दारी येतील. वर्गणी अवश्य द्या. मात्र देण्याआधी पत्रक हाती घेऊन एकच विचारा : “बाबा रे, चाल कोणाची?”