कोरम भरला, सभा भरली नाही



भातकापणी चालू आहे. झोडणी होईल, दिवाळी होईल, आणि पाठोपाठ आपल्या पाड्यांत वीटभट्टीचे ट्रक येऊन उभे राहतील. कातकऱ्यांची घरंच्या घरं भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन त्यात चढतील. ती परत येतील पाऊस तोंडावर आल्यावर. हे दर वर्षाचं आहे. पण या वेळी ट्रक जायच्या आधी आपल्याला एक काम करायचं आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

गोष्ट एका गावाची आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव आपलंच आहे, संघटनेचं आहे, आणि असं गाव एकच नाही. तिथं मागच्या माघात वनहक्काच्या दाव्यांवर ग्रामसभा झाली. वही उघडून बघितली तर कोरम बरोबर भरलेला. वारली आणि कोकणा घरांचे दावे एकेक करून वाचले, ठराव झाला, टाळ्या पडल्या. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीत अठरा घरं. अठराच्या अठरा भट्टीवर. त्यांचा एकही दावा सभेपुढे आला नाही, आणि तो का आला नाही, हेही कोणी विचारलं नाही.

रोहिण्या लागायच्या वेळी ती माणसं परत आली. दोन म्हातारे समितीकडे विचारायला गेले. त्यांना उत्तर मिळालं, "तुम्ही तर फिरते लोक. आता मुदत संपली."

हे फॉरेस्टवाला बोलला नाही. तहसीलदार बोलला नाही. आपण बोललो.

आठवा, आपल्याला काय सांगत होते? तुम्ही अतिक्रमणवाले. तुमच्याकडे कागद नाही. तुम्ही कालपरवा आलात. हे ऐकून आपलं रक्त उसळायचं. आपण मोर्चे काढले, जेलात गेलो, आणि कायदा झाला. तीच भाषा आता आपल्या तोंडात कशी आली?

कातकरी फिरतो तो हौसेनं फिरत नाही. खैराच्या झाडापासून कात करायचा म्हणून तो कातकरी. त्याच्या जमातीचं नावच जंगलातून आलेलं आहे. खैर सरकारचा झाला, जंगल सरकारचं झालं, आणि त्याच्या हातात राहिली भट्टीची उचल. पोटासाठी सहा-सात महिने बाहेर राहिला म्हणून त्याची वाडी मोडत नाही, त्यानं राखलेली दळी दुसऱ्याची होत नाही.

आणि कायदाही आपल्या समितीसारखं बोलत नाही. महाराष्ट्रात सरकारनं तीन आदिम जमाती मानल्या आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आदिम जमातींचे दावे सुटता कामा नयेत, ही जबाबदारी नियमांनी जिल्हा समितीवर टाकली आहे. दाव्यांसाठी ग्रामसभा तीन महिन्यांची मुदत देते. पण जरूर वाटली तर कारण लिहून ती मुदत ग्रामसभाच वाढवू शकते. मुदत वाढवणं आपल्याच हातात होतं. "अठरा घरं भट्टीवर आहेत," एवढं कारण लिहायला वहीत दोन ओळी पुरल्या असत्या.

आता बायांचं बघू. त्या सभेत बाया होत्या का? वहीत होत्या. 2012 साली नियम बदलले. तेव्हापासून सभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. वनहक्क समितीतही तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. मग काय केलं? वही घरोघर फिरवली आणि चुलीपुढं अंगठे घेतले. अंगठा आला, बाई आली नाही. ज्या आल्या त्या भिंतीला टेकून बसल्या आणि दिवस कलताच पाण्याला उठून गेल्या. सभेची वेळ ठरवताना पाणी कोण भरतं हे कोणी बघितलंच नव्हतं.

त्याच गावात एक नवऱ्यानं सोडलेली बाई आहे. बापाच्या मागं वीस वर्षं तिनं वरकस जमिनीवर नागली काढली, बांध घातले. दावा भरला भावानं, स्वतःच्या नावावर. समितीनं विचारलं, "बाईच्या नावावर कशाला? ती काय आज आहे, उद्या नाही." कायदा म्हणतो, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, आणि घर एकटं माणूस चालवत असेल तर त्या एकट्याच्या नावानं. विधवा, टाकलेली, लग्न न केलेली, सगळ्या त्यात आल्या. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा आपणच देतो. मग कसणारी बाई असली की घोषणा कुठं जाते?

काही साथी म्हणतील, "आत्ता हे कशाला काढता? आधी पट्टे पदरात पडू देत. आपल्यातच भांडण लागेल." आम्ही म्हणतो, भांडण आहेच, फक्त ते गप्प आहे. आणि गप्प भांडणाचा फायदा नेहमी बाहेरच्याला होतो. ज्याचा दावा आपण वगळला, तो उद्या मोजणीच्या वेळी आपल्या बाजूनं का उभा राहील?

आणि दुसरी गोष्ट. सगळे नसले तर आपला दावाच अपुरा राहतो. शेजारच्या एका गावानं सामूहिक दाव्याची यादी केली, त्याचं उदाहरण घ्या. पहिल्या बैठकीत फक्त गडी होते. त्यांनी लिहिलं : लाकूडफाटा, बांबू, चराई, शीव. अर्ध्या तासात यादी संपली. मग एका पोरीनं हट्ट धरला आणि दुसरी बैठक बायांची घेतली. त्यांनी कंद सांगितले, शेवळी, कुर्डू, मोह, डिंक, औषधाच्या मुळ्या सांगितल्या, आणि कोणती वस्तू कोणत्या महिन्यात कुठल्या डोंगरावर मिळते तेही सांगितलं. तिसरी बैठक कातकरवाडीत झाली. तिथल्या एका डोळ्यानं अधू म्हातारीनं मासे आणि खेकडे धरायच्या जागा, मधाचे कडे, जुन्या वाटा, एकेक नावानिशी सांगितलं. तिला दिसत नाही, पण गावाची सगळी शीव तिच्या डोक्यात होती. वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा वनहक्काच्या नियमांत पुरावा धरला आहे. ती म्हातारी भिंतीपलीकडेच राहिली असती तर त्या गावाचा पुरावाही भिंतीपलीकडे राहिला असता.

म्हणून कातकऱ्याला, बाईला, अधू माणसाला सभेत घेणं हा उपकार नाही. त्यांच्याशिवाय जी बसते ती ग्रामसभाच नाही. कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी सज्ञान माणसं, आणि बायांचा पुरा, बिनअडथळा सहभाग.

सभेत जे होतं तेच कामावर होतं. भट्टीवर मालक जोडी घेतो, नवरा आणि बायको. माती दोघं मळतात, विटा दोघं पाडतात, पोरंही हात लावतात. उचल लिहितात नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबाला बसतो तोही नवराच. बाईनं किती विटा पाडल्या हे कुठल्याच वहीत नाही. रोजगार हमीच्या कामावर तरी वेगळं असायला पाहिजे, कारण तिथं कायदा आहे. बाईला आणि गड्याला सारखी मजुरी. कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त पोरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची. पण किती कामांवर अशी बाई नेमली? आणि लंगडा किंवा कमी दिसणारा मजूर आला की "तुझ्यानं होणार नाही" म्हणून त्याला परत पाठवणारा मुकादम बऱ्याच ठिकाणी आपल्याच पाड्यातला असतो. पाणी पाजायचं काम त्याला देता येतं, हजेरीपटावर त्याचं नाव चढतं.

10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात गोळीबार झाला आणि आपले पाच जण पडले. तेव्हा आपले आजे-पणजे लग्नगडी होते. लग्नाला कर्ज घेतलं की सावकाराच्या दारात जन्म जायचा. आज उचल घेऊन ट्रकात चढणारा कातकरी त्याच जागी उभा आहे. आपण ते जोखड फेकून दिलं आणि त्याला त्याच्या जोखडासकट मागं सोडलं, असं होऊ नये.

दोष फक्त गावाच्या समित्यांना देत नाही. मोर्चात आपल्या बाया पुढं असतात, लाठी त्या खातात, आणि साहेबाच्या टेबलापुढं चर्चेला गडी बसतात. हा अंक काढणारे आम्ही चौघं, तिघं पोरं आणि एक पोरगी. आमच्यात कातकरी एकही नाही. हे लिहिताना आम्हाला लाज वाटली, आणि ती वाटायलाच पाहिजे होती. पुढच्या अंकापासून एक पान कातकरवाडीचं असेल. ते बोलतील, आम्ही लिहून घेऊ, त्यांना वाचून दाखवू, मग स्टेन्सिल कापू.

आता काम. प्रत्येक गावानं दिवाळीच्या आत एवढं करायचं :

1. कातकरवाडीत जाऊन घरटी यादी करा. दावे तिथंच बसून भरा, म्हाताऱ्यांचे जबाब तिथंच लिहून घ्या. त्यांना चार वेळा बोलवू नका.

2. ठरावाची सभा ते गावात असतानाच घ्या. जमलं नाही तर मुदतवाढीचा ठराव करा, कारणासकट लिहा.

3. सभेची वेळ बायांना विचारून ठरवा. वही घरोघर फिरवणं बंद. अंगठा सभेतच घ्यायचा, ठराव वाचून दाखवल्यावर.

4. प्रत्येक दाव्यात बायकोचं नाव आहे का बघा. एकट्या बाईचा दावा तिच्या नावानं. ग्रामसभेचा ठराव ज्याला मान्य नाही, त्याला साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, हेही सभेत सांगा.

5. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडीनं उचलीचा आकडा, मालकाचं नाव आणि जागा संघटनेच्या वहीत लिहून जायचं. बायकोचं नावही लिहायचं.

वर सांगितलेल्या गावानं मागच्या आठवड्यात पुन्हा सभा लावली आहे. कातकरवाडीच्या अंगणात, रात्री जेवणं झाल्यावर. समितीवाले ओढा उतरून तिकडं जाणार आहेत. त्या सभेत काय होतं ते पुढच्या अंकात लिहू, चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी. बाकीच्या गावांनी मात्र त्याची वाट बघत बसू नये. ट्रक थांबणार नाहीत.

जिंदाबाद!